मॅन्युअल परफॉर्मन्स गाडीत गियर नेमका कधी बदलायचा: टॉर्क पीक, पॉवर पीक की रेडलाईन?

डायनोग्रस्त

टायरांच्या धाग्यावर चर्चा घसरत घसरत गियरवर आली आणि मूळ धागाकर्ते वैतागले, म्हणून हा वेगळा धागा. तिथे तीन मतं पडली होती. टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, सर्वाधिक असेल तिथे (टॉर्क पीकला) बदला, पुढे पिळण्यात अर्थ नाही. पॉवर सर्वाधिक असेल तिथे बदला. आणि तिसरं, रेडलाईनपर्यंत (आरपीएमची, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची, वरची मर्यादा) ओढा, मगच बदला. माझ्या मते तिन्ही चुकीची आहेत. त्यातल्या त्यात तिसरं कमी चुकीचं.

आधी प्रश्न आवळून घेऊ, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतर कुणीतरी मायलेज काढेल. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, रस्ता सरळ, चाकं घसरत नाहीत आणि वेग लवकरात लवकर वाढवायचाय. एवढंच.

गाडीला पुढे ढकलतं ते चाकापाशी मिळणारं बल. इंजिनचा टॉर्क गुणिले गियरचं गुणोत्तर, गुणिले फायनल ड्राईव्ह (गियरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर), भागिले चाकाची त्रिज्या. म्हणजे कोणत्याही वेगाला विचारायचा प्रश्न एकच: आत्ताच्या गियरमध्ये चाकाला जास्त बल मिळतंय की पुढच्या? पुढच्यात जास्त मिळायला लागलं की बदला, तोवर थांबा. आता पॉवर म्हणजे बल गुणिले वेग, आणि गियर बदलण्याच्या क्षणी वेग तोच असतो. त्यामुळे हाच नियम असाही मांडता येतो: बदलण्याआधीची पॉवर आणि बदलल्यावर आरपीएम खाली आल्यानंतरची पॉवर सारखी झाली, की तो तुमचा बिंदू. हा बिंदू पॉवर पीकच्या आधी येऊच शकत नाही. कायम त्याच्या पुढेच येतो.

एक काल्पनिक इंजिन घेऊ, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं. ६८०० आरपीएमला १८० पीएस (पॉवरचं एकक, जवळपास हॉर्सपॉवरच), तिथून उतरत ७५०० ला १७०, आणि ७५०० लाच रेडलाईन. दुसऱ्या गियरचं गुणोत्तर २.०, तिसऱ्याचं १.४३. दुसऱ्यातून ७००० ला बदललं तर आरपीएम ५००५ वर येतात. तिथे समजा १३५ पीएस आहेत. म्हणजे १७८ पीएस सोडून १३५ घेतले. ७५०० ला बदललं तर ५३६० वर उतरतो, तिथे समजा १४५. तरीही १७० सोडून १४५ घेतोय. रेडलाईनपर्यंत बरोबरी होतच नाही, म्हणून इथे रेडलाईन हेच उत्तर.

आता पाचव्यातून सहावा. त्या दोघांत अंतर कमी असतं, समजा आरपीएम ८७ टक्क्यांवर येतात. ७३०० ला १७४.५ पीएस आहेत आणि बदलल्यावर ६३५० ला पुन्हा साधारण तेवढेच. म्हणजे इंजिन तेच, गाडी तीच, पण दुसऱ्यातून ७५०० ला आणि पाचव्यातून ७३०० ला. प्रत्येक गियरचा बिंदू वेगळा असतो, आणि गियरमधलं अंतर जितकं मोठं तितकं जास्त ओढायचं. या एका गोष्टीसाठी धागा काढलाय खरं तर.

---

तिसऱ्यातच बरा

गणित ठीक आहे, पण पाठीला जे जाणवतं त्याचं काय? माझ्या गाडीत चार हजारांच्या आसपास सीटमध्ये दाबलं जातं, त्यानंतर तो जोर ओसरतो. जोर ओसरल्यावरही त्याच गियरमध्ये ताणत बसायचं हे पटत नाही. टॉर्क पीकच्या जरा पुढे बदललं की परत त्या जोरात येतो ना?

---

डायनोग्रस्त

@तिसऱ्यातच बरा, तुमची पाठ बरोबर सांगतेय. एकाच गियरमध्ये राहिलात तर सगळ्यात जास्त प्रवेग टॉर्क पीकलाच मिळतो (हवेचा विरोध बाजूला ठेवला तर). चूक तुलनेत आहे. तुम्ही आत्ताच्या जोराची तुलना याच गियरमधल्या दोन सेकंद आधीच्या जोराशी करताय. तो पर्याय आता उरलेला नाही. तुलना पुढच्या गियरमध्ये मिळणाऱ्या जोराशी करायची.

वरचंच इंजिन घ्या. ७५०० ला टॉर्क उतरून १५९ एनएम (न्यूटन-मीटर) झालाय. दुसऱ्या गियरने गुणला की ३१८. तिसऱ्यात गेलात तर इंजिन ५३६० वर, टॉर्क चांगला १९० एनएम, म्हणजे ३१ एनएम जास्त. पण १.४३ ने गुणला की २७२ च. इंजिन खूश झालं, चाक नाही.

---

लिमिटरला टेकलेला

टर्बो नसलेल्या, उंच फिरणाऱ्या इंजिनांत हा प्रश्न जवळपास निकालात निघतो. होंडा एस२००० ची पहिली आवृत्ती, एपी१, हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. रेडलाईन ९०००, पॉवर पीक ८३०० ला, टॉर्क पीक ७५०० ला. गुणोत्तरं अशी: ३.१३३, २.०४५, १.४८१, १.१६१, ०.९७०, ०.८१०.

९००० ला बदललं तर पहिल्यातून दुसऱ्यात ५८७५ वर उतरता. व्हीटेकचा (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा) उंच कॅम साधारण ६००० च्या आसपास लागतो, म्हणजे पूर्ण ताणूनही तुम्ही जेमतेम त्या उंबरठ्यावर येता. तेच ८३०० ला, पॉवर पीकला म्हणून बदललंत, तर ५४०० च्या घरात पडाल आणि कॅम परत लागेपर्यंत गाडी मलूल. दुसऱ्यातून तिसऱ्यात ६५००, तिसऱ्यातून चौथ्यात ७०५५, पुढचे दोन्ही बदल ७५०० च्या आसपास. वरचे गियर किती जवळ बसवलेत बघा, चौथ्यानंतर प्रत्येक वेळी थेट टॉर्क पीकवर उतरतो.

या गाडीत टॉर्क पीकला गियर बदलणाऱ्याने ती गाडी घ्यायचीच कशाला, हा वेगळा धागा होईल.

---

बूस्टबाधित

टर्बोवाल्यांच्या वतीने लिहितो, कारण इथे नेमकं उलटं होतं आणि "रेडलाईनपर्यंत ओढा" ही सवय महागात पडते.

सातव्या पिढीची गोल्फ जीटीआय घ्या. छापील आकडे: ३५० एनएम १५०० पासून ४४०० पर्यंत सपाट, आणि २२० पीएस ४५०० पासून ६२०० पर्यंत सपाट. ही दोन पठारं एकमेकांना खेटून आहेत हा योगायोग नाही. ४४०० च्या पुढे इंजिनचं कंट्रोल युनिट (संगणक) टॉर्क मुद्दाम असा उतरवतं की पॉवर स्थिर राहावी. ६२०० ला हिशोब केलात तर टॉर्क जेमतेम २५० एनएम निघतो, म्हणजे शंभर एनएम गेले, पण पॉवर तेवढीच.

आता डायनोग्रस्तांचा नियम लावा. समजा एका गियरमधून पुढच्यात जाताना आरपीएम ७० टक्क्यांवर येतात. ६३०० ला बदललं तर ४४१० वर उतरलो, तिथे ३५० एनएम म्हणजे जवळपास २२० पीएस. सोडतानाही साधारण तेवढेच. बरोबरी झाली! त्यापुढे ६८०० पर्यंत ओढणं म्हणजे फक्त आवाज. छोटा टर्बो वर दमतो, पॉवर पडत जाते, आणि पुढचा गियर पूर्ण ताकदीने तयार उभा असतो.

पण पहिल्या गियरला हे लागू होत नाही. पहिला-दुसरा यांच्यातलं अंतर मोठं, समजा ५७ टक्के. ६३०० ला बदललं तर ३६०० च्या आसपास उतरणार, तिथे १८० पीएस. म्हणून पहिल्यात लिमिटरच्या (आरपीएम हद्दीबाहेर जाऊ नयेत म्हणून इंधन तोडणारी यंत्रणा) जवळपर्यंत थांबायचं, दुसऱ्यापासून पुढे लवकर बदलायचं. "टर्बो गाडी आहे, लवकर बदल" हा सल्लासुद्धा अर्धाच खरा आहे.

---

ग्राफवाचक

मी असं वाचलंय की डायनोच्या (टॉर्क आणि पॉवर मोजणारं यंत्र) ग्राफवर टॉर्क आणि पॉवरच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ५२५२ आरपीएमला, तिथे गियर बदलायचा. कारण तिथे दोन्हींचा समतोल असतो. बरोबर ना?

---

डायनोग्रस्त

नाही. कृपया हे पुढे पाठवू नका :)

५२५२ हा आकडा फक्त एककांतून येतो. टॉर्क पाऊंड-फूटमध्ये आणि पॉवर हॉर्सपॉवरमध्ये मोजली तर पॉवर = टॉर्क × आरपीएम ÷ ५२५२. म्हणून ५२५२ ला दोन्ही आकडे सारखे दिसतात, इंजिन कुठलंही असो. एनएम आणि किलोवॅट घेतलं तर भागायचं ९५४९ ने, म्हणजे बहुतेक रस्त्यावरच्या इंजिनांत छेदच नाही. एनएम आणि पीएस घेतलं तर ७०२४. एकक बदललं म्हणून गियर बदलायची जागा बदलत असेल तर त्या नियमात काहीतरी गडबड आहे.

डायनोवरून आणखी एक. बहुतेक वेळा मोजमाप १:१ च्या जवळच्या गियरमध्ये होतं, अनेक गाड्यांत तो चौथा. टर्बो गाडीत पहिल्या-दुसऱ्यात आरपीएम इतके झपाट्याने चढतात की बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) भरायला तेवढा वेळच मिळत नाही. काही गाड्यांत तर खालच्या गियरमध्ये कंट्रोल युनिटच टॉर्कला लगाम घालतं. त्यामुळे चौथ्यातला ग्राफ पहिल्याला जसाच्या तसा लावू नका.

---

शांत सारथी

चर्चा उत्तम चाललीये, पण तुमच्या गणितात गियर शून्य सेकंदात बदलतोय. खऱ्या माणसाला क्लच, हात, क्लच यात पाव ते अर्धा सेकंद लागतो आणि तेवढा वेळ गाडीला ढकलणारं कुणीच नसतं. याचे दोन परिणाम.

एक, पुढे ब्रेक मारायची जागा आली असेल तर बरोबरीचा बिंदू ओलांडला तरी त्याच गियरमध्ये थांबणं फायद्याचं. दीड सेकंदासाठी पाचवा टाकून परत चौथ्यात यायचं, यात दोन वेळा हात हलवला आणि मिळवलं काहीच नाही. ट्रॅकवर अनुभवी लोक काही सरळ पट्ट्यांच्या शेवटी गियर मुद्दाम ताणतात ते यासाठी. फक्त लिमिटरवर आपटत राहू नका. इंधन तुटलं की प्रवेग संपला, त्यापेक्षा बदललेलं बरं.

दोन, डोळा आणि हात यांच्यातला उशीर. पहिल्या गियरमध्ये आरपीएम सेकंदाला चार हजारांनी चढत असतील तर ०.२ सेकंदात आठशे निघून जातात. पाचव्यात सेकंदाला तीनशेने चढत असतील तर तेवढ्याच वेळात साठ. म्हणून पहिल्यात ७५०० ला बदलायचं असेल तर हाताला निरोप ६७०० ला गेला पाहिजे. सगळ्या गियरला एकाच आकड्यावर लागणारी शिफ्ट लाईट (गियर बदला सांगणारा दिवा) म्हणूनच पहिल्यात कायम उशिरा लागल्यासारखी वाटते.

---

लिमिटरला टेकलेला

+१. आणि म्हणूनच पहिल्या गियरमध्ये काटा बघू नका, आवाज ऐका. काटा स्वतःच मागे पडतो, जुन्या गाड्यांत तर फारच.

० ते १०० किमी/तास च्या आकड्यांबद्दलही बोलायला हवं. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्यातच शंभर गाठता यावं असं गुणोत्तर ठेवलेलं असतं, कारण तिसरा टाकावा लागला की तो पाव-अर्धा सेकंद थेट आकड्यात दिसतो. एस२००० दुसऱ्यात ९००० ला १०५-११० च्या आसपास पोचते. एखादी गाडी दुसऱ्यात ९६ ला संपते म्हणून ती हळू असं नाही, तिचा ० ते १०० चा आकडा फक्त दुर्दैवी.

---

तिसऱ्यातच बरा

बरं, मान्य, टॉर्क पीकचा हट्ट सोडतो. पण मग लवकर बदलायचं कधीच नाही का? ओल्या रस्त्यावरही रेडलाईन?

---

शांत सारथी

छे. डायनोग्रस्तांनी सुरुवातीलाच अट घातलीये, चाकं घसरत नाहीत. ती अट मोडली की सगळं उलटं. वळणातून बाहेर पडताना, विशेषतः इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी असेल आणि रस्ता ओला असेल, तर दुसऱ्याऐवजी तिसरा. चाकाला मिळणारा टॉर्क कमी, अ‍ॅक्सिलरेटरची धार बोथट, गाडी शांत. तिथे टायरच झेलू शकत नसलेली पॉवर असून काय उपयोग?

शिवाय वळणात मधोमध गियर बदलायची वेळ येणार हे दिसत असेल तर आधीच बदलून घ्या. वळणात भार बाजूला झुकलेला असताना क्लचचा झटका कुणालाच नको असतो. आरपीएम वाया गेले तरी चालतील.

पण लवकर म्हणजे किती, हे इंजिनवर आहे. पहिल्या पिढीच्या टोयोटा जीटी८६ मध्ये साधारण ३५०० ते ४५०० मध्ये टॉर्कचा खड्डा आहे, सगळ्यांना माहीत असलेला. तिथे लवकर बदलून नेमकं खड्ड्यात उतरलात तर पुढची सरळ पट्टी संपेपर्यंत हळहळाल.

---

ऑइल गरम होऊ दे

माझं नाव बघून कळलंच असेल मी कशावर येणार.

गाडी सुरू करून पाच मिनिटांत कूलंटचा काटा मध्यावर येतो आणि लोक पिळायला लागतात. ऑइल गरम व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ मध्ये यावर छान उपाय केला होता: आरपीएमच्या तबकडीवर दिव्यांची रांग, थंड असताना खालच्या आकड्यापासून पेटलेली, ऑइल गरम होत जाईल तसे दिवे एकेक करून विझत जातात आणि रेडलाईन वर सरकते. गाडी स्वतःच सांगते आत्ता कुठे बदलायचा. हे प्रत्येक परफॉर्मन्स गाडीत का नसावं कळत नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या गाडीत १५०० आरपीएमला सहाव्यात असताना अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवू नका. कमी आरपीएम आणि पूर्ण भार या जोडीत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टन फुटलेले आहेत. २०१८ चं एपीआय एसएन प्लस आणि २०२० चं आयएलएसएसी जीएफ-६ ही ऑइलची मानकं आली त्यात हा एक मोठा मुद्दा होता. ओव्हरटेक करायचंय? आधी गियर पाडा, मग दाबा.

---

ग्राफवाचक

गियर पाडण्याचा विषय निघालाच आहे तर, वर चढवताना नियम कळला, खाली आणताना कधी?

---

लिमिटरला टेकलेला

तोच नियम उलटा वाचा. खालच्या गियरमध्ये जास्त पॉवर मिळत असेल तर खाली या, पण एक भिंत आहे: उतरल्यावर आरपीएम रेडलाईनच्या आत पाहिजेत. वर जाताना लिमिटर वाचवतो कारण तो इंधन तोडतो. खाली येताना चाकंच इंजिनला फिरवतात, तिथे इंधन तोडून काय होणार?

एस२००० मध्येच बघा. तिसऱ्यात ९००० आहे, चौथा टाकायचाय आणि हात चुकून दुसऱ्यात गेला. क्लच सोडताच इंजिनला फिरायला लागेल १२४०० वर. व्हॉल्व्ह स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत आणू शकत नाहीत, पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो, पुढचं बिल वेगळं सांगायला नको. इंग्रजीत याला 'मनी शिफ्ट' म्हणतात ते उगाच नाही. पोर्शच्या कंट्रोल युनिटमध्ये असे प्रकार टप्प्याटप्प्याने नोंदले जातात आणि जुनी ९११ घेणारे ती नोंद आधी मागतात.

टाळायचं कसं? गियर लिव्हर मुठीत आवळून खेचू नका. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तळहाताने सरळ मागे ओढा, बाजूला ढकलू नका. न्यूट्रलमधली स्प्रिंग लिव्हरला आपोआप मधल्या रांगेत आणते, तिच्याशी भांडलात की दुसरा सापडतो.

---

शांत सारथी

यात भर. ट्रॅकवर गियर पाडायची घाई ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी सवय. वेग कमी करायचं काम ब्रेकचं. आधी ब्रेक, वेग बराच उतरला की गियर, रेस देऊन आरपीएम जुळवून. चौथ्यात १६० ला असतानाच तिसरा टाकून इंजिनला ओरडायला लावलं तर फायदा शून्य आणि मागची चाकं क्षणभर अडकली तर गाडी फिरणार. हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि रेस) जमत नसेल तर ज्या गाड्यांत आपोआप रेस दिली जाते त्या बघा. २००९ च्या निस्सान ३७०झेड मध्ये ही सोय आली, २०१७ च्या सिव्हिक टाईप आर मध्येही आहे. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू देत. पाचव्यातून थेट तिसराही चालतो, मधला चौथा हजेरीपुरता टाकायची गरज नाही.

---

बूस्टबाधित

एकाच गाडीत इंजिन बदललं की बिंदू किती सरकतो याचं चांगलं उदाहरण माझदा एमएक्स-५. आधीचं २ लिटर इंजिन १६० पीएस, ६००० ला, रेडलाईन ६८००. नंतर सुधारलेलं १८४ पीएस, ७००० ला, रेडलाईन ७५००. टॉर्कचा आकडा २०० वरून २०५, म्हणजे जवळपास तोच. फरक सगळा वरच्या टोकाला. जुन्या गाडीची सवय घेऊन नव्यात ६५०० ला बदलणारा माणूस वाढवलेली पॉवर पेट्रोलच्या टाकीत ठेवूनच फिरतो.

---

तिसऱ्यातच बरा

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे डायनोचा ग्राफ नाही आणि कंपनी फक्त दोन पीक आकडे देते. मग माझ्या गाडीचा बिंदू काढायचा कसा?

---

डायनोग्रस्त

सोपं आहे, फक्त बंद ट्रॅकवर करा. सेकंदाला दहा वेळा तरी वेग नोंदवणारा जीपीएस लॉगर घ्या. मोबाईलमधला बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच नोंदवतो, तो कामाचा नाही. दुसऱ्यात कमी आरपीएमपासून पूर्ण दाबून लिमिटरपर्यंत. मग तिसऱ्यात तेच, त्याच पट्टीवर, त्याच दिशेने, म्हणजे उतार आणि वारा दोन्हीत सारखे राहतील. टर्बो असेल तर दोन धावांमध्ये गाडी थोडी थंड होऊ द्या, गरम हवेने दुसरी धाव कमीच भरते.

मग प्रत्येक वेगाला प्रवेग काढून दोन्ही रेषा एकाच कागदावर. आडव्या अक्षावर आरपीएम नाही, वेग. रेषा जिथे छेदतील तो वेग, त्या वेगाला दुसऱ्यात जे आरपीएम असतील तो तुमचा बिंदू. छेदल्याच नाहीत तर रेडलाईन. इंजिन आणि फ्लायव्हील फिरवण्यात खालच्या गियरमध्ये जास्त ताकद खर्च होते, ते या पद्धतीत आपोआप धरलं जातं. कागदावरच्या गणितात नेमकं तेच सुटतं.

चौथा-पाचवा यासाठी लांब पट्टी लागते, ती मिळेलच असं नाही. तिसऱ्याच्या नोंदीवरून पॉवरची रेषा अंदाजे काढा आणि वरच्या गियरची गुणोत्तरं लावा, शंभरेक आरपीएमच्या फरकाने उत्तर येतं. तेवढ्याने कुणाची लॅप बिघडत नाही.

---

तिसऱ्यातच बरा

लॉगर मागवतो. आकडे आले की इथेच टाकतो, टर्बो आहे, १.४ लिटर, सहा गियर. बूस्टबाधित, तुमचा अंदाज आधीच सांगून ठेवा, दुसऱ्यातून तिसऱ्यात किती?

---

बूस्टबाधित

छोटा टर्बो असेल आणि पॉवरचं पठार ५००० ते ६००० असेल तर ६१००-६२००. पहिल्यातून मात्र लिमिटरच्या दोनशे आधी. चुकलो तर ग्राफासकट सांगा.